आधी मालकांना

त्या घरात चांगलं म्हणून जे काही येई, ते आधी मालकांपुढे जाई. दुधावरची साय, पंख्याखालची खुर्ची, वर्तमानपत्राची न उलगडलेली घडी, भाजीचा तळाचा घट्ट भाग. हा नियम कुणी केला हे विचारायची सोय नव्हती, कारण ज्यांनी केला ते समोरच बसून जेवत असत.

मालक म्हणजे सासरे. खाली त्यांचा धुलाईचा कारखाना आणि वर घर. दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी गाड्या भरभरून यायच्या, मोठ्या ढोलांत गरगरायच्या, तापलेल्या रुळांमधून सपाट होऊन निघायच्या आणि घडीच्या टेबलावर पडायच्या. कामगार त्यांना मालक म्हणत, म्हणून बायको म्हणू लागली, तिचं ऐकून मुलगा आणि मुलाचं ऐकून सून. माणूस कामाला मात्र पक्का होता, हे कबूल केलं पाहिजे. रक्ताळलेली चादर दिसली की लांबूनच ओरडायचे, "थंड पाणी! गरम लावलंत तर डाग जन्माचा बसेल!" रक्ताबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं.

सून घडीच्या टेबलावर उभी असायची. बोलणं कमी आणि हात भरभर. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण पाळणा हलला नव्हता, आणि हा विषय सासूबाई भाजीत मीठ घालावं तितक्या नेमानं रोज काढायच्या. दर महिन्याला सुनेच्या अंगावरून इतकं जायचं की स्वतःची चादर ती कारखाना सुरू व्हायच्या आत गुपचूप थंड पाण्यात धुऊन टाकायची. दुखतंय असं म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "आम्हाला काय दुखत नव्हतं?"

त्या वर्षी डॉक्टरांनी मालकांचं मटण बंद करायला सांगितलं. छातीत कळ आली होती, तपासण्या झाल्या, रक्तात चरबी निघाली. आता या घरात दोन स्वयंपाक कधीच होत नसत. एक पातेलं चढायचं, आणि तेही मालकांच्या जिभेकडे बघून. त्यामुळे मालकांचं मटण बंद म्हणजे घरादाराचं बंद. सुनेच्या वाट्याला तसाही पातळ रस्सा आणि एखादं हाडूक यायचं. तेही गेलं.

पुढे एका सकाळी ती चादरींची टोपली घेऊन जिना चढत होती आणि वरच्या पायरीवरून कोसळली. सासूबाई धावत आल्या. "चादरी मळल्या का गं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

दवाखान्यात न्यावंच लागलं. सर्जनबाईंनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं. गर्भाशयात गाठ आहे. गाठ काढली तर पिशवी वाचेल, मूलसुद्धा होऊ शकेल. पण हिमोग्लोबिन आठ आहे, ते अकराच्या वर गेल्याशिवाय त्या सुरी हातात घेणार नाहीत.

"फार वेळ घालवू नका," त्या म्हणाल्या. "गाठ वाढतेय. हवं तर सलाईनमधून लोह चढवू, लवकर भरून निघेल."

मालक बरोबर आले होते. दवाखान्याच्या चादरी आपण धुतो म्हणजे दवाखाना आपलाच, अशी त्यांची समजूत होती. ते म्हणाले, "सुया-बाटल्या कशाला? आमच्या घरात खायला कमी आहे का? खाऊनपिऊन आणू की वर."

सर्जनबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं मान हलवली. मालक बोलल्यावर मान हलवायची हे तिच्या मानेला आता पाठ झालं होतं.

मग त्यांना आहाराच्या बाईंकडे पाठवलं. मालक त्या खोलीतही आले आणि रुग्णाच्या खुर्चीवर स्वतः बसले. सून भिंतीला टेकून उभी राहिली.

"मटण नसलं तरी काही अडत नाही," बाई म्हणाल्या. "मसूर, हरभरे, राजमा खा. पालेभाजी, तीळ, भोपळ्याच्या बिया, खजूर. चालत असेल तर अंडं, मासळी. डाळीवर लिंबू पिळत चला, त्याशिवाय त्यातलं लोह अंगी लागत नाही. आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवा. आणि जेवणाबरोबर चहा अजिबात नको, केलेल्यावर पाणी पडतं. या गोळ्या घ्या, रोज, लिंबूपाण्याबरोबर."

मालक खुर्चीत पुढे सरकले. गेले दोन महिने मटणावाचून त्यांचा जीव कासावीस झाला होता.

"म्हणजे मटण न खाताही ताकद येते म्हणता?"

"येते ना."

"पुरुषालासुद्धा?"

बाई हसल्या. "पुरुषांना एवढं लागत नाही हो. त्यांचं कुठे दर महिन्याला रक्त जातं?"

हे उत्तर मालकांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. मटणाशिवाय ताकद येते, हे मात्र त्यांनी घरी येईपर्यंत तीनदा म्हणून दाखवलं.

संध्याकाळी लोखंडी कढई आली. खजूर, बिया, तीळ, लिंबांची जाळीदार पिशवी, लालचुटूक मसूर. सून ओट्यापाशी उभी राहून ते सगळं बघत होती. हे सगळं आपल्यासाठी आलंय असं तिला वाटलं. असं वाटायची तिला सवय नव्हती, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना तिनं वाकून नमस्कार केला. सासूबाई म्हणाल्या, "बरं बरं, कढई घास आधी."

जेवायला बसल्यावर सगळा उलगडा झाला. सासूबाईंनी पळी पातेल्याच्या तळापर्यंत नेली, घट्ट मसूर वर काढला आणि मालकांच्या वाटीत घातला. त्यावर अर्धं लिंबू पिळलं. कढईतला पालक मालकांना, मग मुलाला. शेवटी पळी वरच्यावर फिरवून जे पाणी आलं ते सुनेच्या वाटीत. खजुराची बरणी मालकांच्या खुर्चीशेजारी गेली आणि तिथेच राहिली.

सासूबाई दुष्टपणानं काही करत होत्या असं नाही. दुष्टपणाला थोडा तरी विचार लागतो. त्यांच्या हाताला तीच वाट माहीत होती. घरात औषधी अन्न आलं, ते चांगलं होतं, आणि चांगलं ते आधी मालकांना.

गोळ्यांची पाकिटंही त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवली. "तू विसरशील," म्हणाल्या. आणि रोज मालकांना लिंबूपाण्याबरोबर एक गोळी द्यायला लागल्या, कारण ताकदीची गोळी घरात असताना कर्त्या पुरुषाला द्यायची नाही म्हणजे काय?

"आई, माझी गोळी?" सून विचारायची.

"काल दिली की."

"काल नाही दिलीत."

"मग परवा दिली असेल. गोळ्या काय फुटाणे आहेत, मूठभर खायला?"

एकदा जेवताना मालक मोठ्या अभिमानानं म्हणाले, "पोटातून सगळं काळं काळं जातंय. वर्षानुवर्षांची घाण बाहेर पडतेय." सासूबाईंनी कौतुकानं त्यांच्याकडे पाहिलं. औषधाच्या दुकानदारानं सुनेला बजावलं होतं की गोळ्यांनी शौचाला काळी होईल, घाबरू नका. तिला एकदाही झाली नव्हती. कुणाच्या पोटात काय जातंय हे तिला त्या ताटावर कळलं.

तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा वाईट नव्हता, पण वाईट नसण्यापलीकडे त्यानं आयुष्यात काही केलं नव्हतं. तो म्हणाला, "अगं, वडील आहेत. या वयात त्यांना थोडं जास्त लागणारच. तू तरणीताठी आहेस. सांभाळून घे." आणि ढोलाचा पट्टा सैल झालाय असं म्हणून खाली निघून गेला. तो पट्टा त्याच्यासाठी नेहमीच वेळेवर सैल व्हायचा.

पहिल्या तपासणीला हिमोग्लोबिन साडेसात निघालं. सर्जनबाई भडकल्या. "तुम्हाला बरं व्हायचंय की नाही? सांगितलेलं खात का नाही?" सुनेनं तोंड उघडलं. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्याच म्हणाल्या, "कढईसुद्धा नवी आणली हो. हिच्याच अंगाला लागत नाही." शस्त्रक्रिया पुढे ढकलली. परत येताना सासूबाईंनी आख्खा रस्ता ऐकवलं, की इतकं करूनही ही नाक कापते.

त्याच सुमाराला सुनेला स्टार्च खावासा वाटू लागला. चादरी कडक व्हाव्यात म्हणून कारखान्यात स्टार्चची, म्हणजे खळीची, पोती असायची. दमट हवेत पावडरीचे खडे व्हायचे. आधी तिनं एक खडा नुसता जिभेवर ठेवला. मग दातांखाली फोडला. तो करकर आवाज आणि ती कोरडी, बेचव पांढरी चव तिला इतकी आवडली की तिचीच तिला भीती वाटली. अंगात लोह नसलं की माणसाला माती, बर्फ, खडू असलं काहीबाही खावंसं वाटतं. आहाराच्या बाईंनी हे एका वाक्यात सांगितलं असतं, पण त्यांना विचारायला जाणार कोण? ती पदराच्या टोकात खडे बांधून ठेवायची आणि घड्या घालता घालता चघळायची.

सासूबाईंनी पकडलं. नुसतं पकडून त्यांचं भागलं नाही. त्यांनी रूळ बंद करायला लावले, सगळ्यांना घडीच्या टेबलाभोवती बोलावलं आणि म्हणाल्या, "तोंड उघड."

सुनेनं ओठ घट्ट मिटले.

"उघड म्हणते ना. सगळ्यांना दिसू दे घरात हिला किती उपाशी ठेवलंय ते."

तिनं तोंड उघडलं. आत सगळं पांढरं होतं. जीभ पांढरी, हिरड्या पांढऱ्या, आणि त्यातलं किती स्टार्चचं आणि किती तिचं स्वतःचं, ते कळायला मार्ग नव्हता. मालक खजूर खात जिन्यात उभे होते. ते म्हणाले, "धुलाईवाल्याची सून खळ खाते! बघा हं, उद्या साबण खाईल आणि फेस काढील." सगळे हसले. नवरासुद्धा हसला, म्हणजे ओठ ताणले. त्या दिवसापासून कामगारांत तिचं नाव खळखाऊ पडलं. पोत्यांच्या खोलीला कुलूप लागलं. इतकी लाज तिला लग्नाच्या दिवशीही वाटली नव्हती, आणि मरावंसं वाटलं हे तिनं कुणालाही सांगितलं नाही.

मालकांवर मात्र तेज चढत होतं. चेहरा तांबूस-तपकिरी, तुकतुकीत झाला. येणारे-जाणारे म्हणायचे, "मालक, काय रंग उजळलाय! खाता तरी काय?" मालक मसुराचं आणि लिंबाचं व्याख्यान द्यायचे. आहाराच्या बाईंचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. चहासुद्धा त्यांनी जेवणापासून लांब ठेवला होता. एवढं पथ्य त्या बाईंच्या कुठल्याच रुग्णानं पाळलं नसेल.

फक्त अलीकडे त्यांना थकवा यायचा. सकाळी उठवत नसे. हाताच्या पहिल्या दोन बोटांची पेरं सुजली, मूठ वळेना. "ताकद कमी पडतेय," मालक म्हणाले. सासूबाईंनी एकीच्या दोन गोळ्या केल्या. थकवा वाढला. दोनाच्या तीन केल्या. गोळ्या संपल्या की त्या सुनेच्या नावावर नव्या आणायच्या.

दुसऱ्या तपासणीला सर्जनबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बराच वेळ बघितलं. या वेळी त्या रागावल्या नाहीत.

"गाठ फार वाढलीय," त्या म्हणाल्या. "आता नुसती गाठ निघणार नाही. पिशवीच काढावी लागेल. आणि तीही रक्त भरल्यावरच."

"म्हणजे मूल?" सुनेनं विचारलं.

सर्जनबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

रिक्षात बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तसाही काय उपयोग होता त्या पिशवीचा." त्यांना वाटलं आपण समजूत घालतोय. सून बाहेर बघत होती. आतापर्यंत तिला त्या घराची भीती वाटत होती. रिक्षा घरापाशी पोचेपर्यंत भीती संपली आणि तिच्या जागी नुसता द्वेष उरला. तिला त्यामुळे थोडं हलकंच वाटलं.

पुढच्याच महिन्यात मालक ढोलांच्या मधोमध चक्कर येऊन पडले. त्यांना मात्र गाडी काढून नेलं. पोटाचे डॉक्टर होते, तरुण, घाईत बोलणारे. त्यांनी रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले आणि सगळ्यांना आत बोलावलं.

"यांच्या शरीरात लोह साठून राहतं. जन्मापासूनचा दोष आहे, काहींच्यात असतो. अन्नातलं जास्तीचं लोह बाहेर टाकताच येत नाही. यकृतात साठलंय, सांध्यांत साठलंय, साखरही त्यामुळेच वाढलीय. हा जो कातडीचा रंग दिसतोय ना, तोही त्याचाच. पण या वयाला इतकं? लोहाच्या गोळ्या वगैरे घेत होते का?"

सासूबाई म्हणाल्या, "ताकदीच्या घेत होते."

"कुणी लिहून दिल्या?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, जणू तिनं काहीतरी सांडून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. औषध वगैरे काही नाही, दर आठवड्याला पिशवीभर रक्त काढून टाकायचं. शरीर नवं रक्त करायला साठलेलं लोह वापरतं, असं हळूहळू उतरतं. आणि खाण्यात उलट करायचं. गोळ्या बंद, लोखंडी कढई बंद, जेवणावर लिंबू-संत्रं नको, मसूर-पालक बेतानं, आणि जेवणाबरोबर कडक चहा. "चहानं लोह अंगात शिरत नाही," डॉक्टर म्हणाले. "या एका आजारात ते फायद्याचं."

तर या घरात दोन स्वयंपाक होत नसत, हे सांगितलंच आहे. त्याच संध्याकाळी कढई माळ्यावर गेली. लिंबं, खजूर, बिया शेजारी वाटून टाकल्या. सासूबाईंनी प्रत्येकाच्या ताटाशेजारी काळ्या चहाचा पेला ठेवला.

"आई, मला जेवणाबरोबर चहा नको," सून म्हणाली. "मला बाईंनी..."

"त्यांना एकट्याला कसं प्यायला लावायचं? घरातलं माणूस आजारी आहे आणि तुला तुझं पडलंय." सासूबाईंच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "पी."

ती प्यायली. लोह हवं होतं तेव्हा ते मालकांना हवं होतं, आणि नको झालं तेव्हा मालकांना नको होतं. मसूर घट्ट असो की पातळ, तिच्या वाटीत पाणीच यायचं.

मालकांना दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं काम सुनेवर आलं, कारण नवऱ्याचा पट्टा सैल झालेला. रक्त काढायच्या खोलीत मालक आरामखुर्चीत पडायचे, सुजलेली बोटं हलवत, आणि नळीतून गडद लाल रक्त पिशवीत उतरायचं. सून शेजारच्या स्टुलावर बसून बघायची. पिशवी भरली की नर्सबाई गाठ मारून ती कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकायच्या.

"अहो, फेकता काय?" मालक पहिल्या दिवशी ओरडले. "उत्तम रक्त आहे! खजुरावर केलेलं!"

"दुसऱ्याला नाही चालत, आजोबा. यकृत बिघडलेल्याचं आम्ही कुणाला देत नाही."

सुनेची नजर त्या डब्यावरून हलेना. तिचा मसूर, तिचे खजूर, तिच्या गोळ्या, तिचं मूल, सगळं त्या डब्यात होतं. डब्यावर झाकण पडल्याचा आवाजसुद्धा तिला ऐकवेना.

नर्सबाईंनी एकदा तिची पापणी खाली ओढून पाहिली. "यांचं काढतेय आणि तुमच्यात तर थेंब नाही." बोटाला सुई टोचली तर सात आलं. नर्सबाईंनी कपाळाला हात लावला, डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या भरपूर पट्ट्या तिच्या हातात दिल्या. "कुणाच्या हाती देऊ नका. स्वतःजवळ ठेवा. जेवणापासून, चहापासून लांब, दुपारी लिंबूपाण्याबरोबर घ्या."

तिनं त्या ब्लाउजमध्ये ठेवल्या. मालकांनी खुर्चीतून पाहिलं होतं.

घरी आल्यावर दुपारी सासूबाई झोपल्या तेव्हा त्यांनी तिला हाक मारली. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

"सूनबाई, हे लोक माझं रक्त विकतात. मला माहीत आहे. पाय लटपटतात बघ. अशानं मी उठणार नाही परत." सुजलेला हात त्यांनी पुढे केला. "तुझ्याकडे आहेत ना त्या ताकदीच्या? एक दे. हिला कळू देऊ नकोस, ही हल्ली डॉक्टरचं ऐकते."

सून उभी राहिली. डॉक्टर काय म्हणाले ते तिला शब्द न् शब्द आठवत होतं. मालकांनाही आठवत असणार, पण आपल्याला नको असलेलं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

"नको म्हणालेत, मालक," ती म्हणाली. एकदा सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं.

"मला शिकवतेस? दे."

तिनं त्यांना आजवर कशालाही नाही म्हटलं नव्हतं. शेजारणीकडून एक लिंबू मागून आणलं, अर्धं पेल्यात पिळलं, पट्टी फोडून एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. मूठ मिटत नव्हती म्हणून बोटं तिनंच मिटून दिली. मालकांनी गोळी गिळली. मग उरलेल्या अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर तिनं स्वतःची घेतली. आधी त्यांनी, मग तिनं. घराच्या नियमाला तिनं कुठेही धक्का लावला नाही.

तेव्हापासून रोज दुपारी हेच चाललं. मालक वाट बघत बसायचे. कधी दोन मागायचे, ती दोन द्यायची. पट्ट्या संपल्या की नर्सबाई तिच्या फिकट तळहाताकडे बघून आणखी द्यायच्या. तिच्या ओठांवर हळूहळू रंग आला. जिना चढताना ती थांबेनाशी झाली. स्टार्चचा एखादा खडा टेबलावर सापडला तर ती तो झटकून टाकायची, चव आठवतही नसे.

मालकांचे डॉक्टर मात्र चक्रावले. "इतकं रक्त काढूनही आकडा उतरत का नाही? पोटात पाणी झालंय. घरी काही लोहाचं खातात का?"

सासूबाईंनी गळ्यावर हात ठेवून शपथ घेतली. "एक खजूर नाही हो घरात! चहा पिऊन पिऊन आमची तोंडं काळी झाली."

डॉक्टर सुनेकडे वळले. "तुम्ही बघता ना त्यांचं?"

"आमच्या घरी सगळ्यांचं एकच असतं," सून म्हणाली.

हे खरंच होतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि आठवड्याला दोनदा रक्त काढायला सांगितलं.

सर्जनबाईंनी तिला तारीख दिली. हिमोग्लोबिन साडेअकरा झालं होतं. "शाब्बास," त्या म्हणाल्या. "याआधीच केलं असतं तर..." आणि वाक्य तिथेच सोडलं. सुनेनं ते मनात पुरं केलं. ते ती रोजच करायची.

दवाखान्यात जायच्या दिवशी तिनं पिशवी भरली. नवरा रिक्षा बघायला गेला होता, सासूबाई चहा टाकत होत्या. मालक पलंगावर होते, रंग तपकिरीचा राखाडी झालेला, पोट फुगलेलं. तिला बघून त्यांचे डोळे भरून आले, आणि तिला क्षणभर वाटलं की हा माणूस आता आपल्या शस्त्रक्रियेचं विचारणार.

"तू चार-आठ दिवस नसशील," मालक म्हणाले. "मग मला गोळी कोण देणार?"

ती पलंगापाशी बसली.

"या घरात एकटी तूच माझं ऐकतेस," ते म्हणाले आणि सुजलेला हात तिच्या डोक्यावर ठेवायचा प्रयत्न करू लागले. हात वर जाईना. तिनंच डोकं खाली आणलं.

मग तिनं पिशवी उघडली. तिच्याकडे दोन पट्ट्या शिल्लक होत्या. दोन्ही तिनं त्यांच्या उशीखाली सरकवल्या, गोळ्या त्यांना फोडता येणार नाहीत म्हणून पट्टीची कागदी पाठ नखानं जागोजागी फाडून ठेवली, आणि लिंबाच्या दोन फोडी करून वाटीखाली झाकल्या.

"लिंबाशिवाय घेऊ नका हं," ती म्हणाली. "अंगी लागत नाही."

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला, तशी ती उठली.